चीजचं दही बसेना, म्हणून शेळी बदलायची का?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुमच्याकडे तीन शेळ्या आहेत, दोन सानेन आणि एक मिश्र जातीची. तिघीही साधारण पाच महिन्यांपूर्वी व्यायल्या. करडांचं दूध तोडल्यापासून सगळं दूध तुम्ही चीजसाठी वापरता. सुरुवातीचे दोन महिने चीज छान झालं. आता रेनेट (दूध गोठवणारं विकर) घातलं तरी दही लुसलुशीत राहतं, सुरी लावली की कडा ढासळतात, तेवढ्याच दुधातून चीज कमी उतरतं, आणि दोन दिवसांत त्याला बोकडासारखा वास येऊ लागतो. तापवल्यावर साय धरत नाही म्हणून दूध पातळ झालंय असं तुम्हाला वाटतंय, आणि जास्त फॅटची कोणती जात घ्यावी हे तुम्ही विचारलंय.

जातीबद्दल मी सांगणार आहे, पण शेवटी. कारण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात एक नाही, दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दही मऊ राहणं आणि उतारा कमी पडणं ही एक. ती दुधातल्या प्रोटीनशी, नेमकं सांगायचं तर केसीनशी जोडलेली आहे. वास येणं ही दुसरी. तिचा संबंध दुधातल्या स्निग्धांशाच्या तुटण्याशी आहे. दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्या म्हणून त्या एकच वाटतात. आणि दोन्हींचं मूळ चीजच्या पातेल्यात फार कमी वेळा सापडतं. ते कासेत, गव्हाणीत नाहीतर बादलीत असतं. नवीन जातीची शेळी आणून त्याच बादलीत धार काढलीत तर तिच्याही दुधाला वास येईल.

आधी सायीचा गैरसमज दूर करते. शेळीच्या दुधात स्निग्धांशाचे कण बारीक असतात, आणि गाईच्या दुधात त्या कणांना एकत्र चिकटवून वर आणणारा जो घटक असतो तो शेळीच्या दुधात जवळजवळ नसतो. म्हणून साय वर तरंगत नाही, स्निग्धांश दुधातच पसरून राहतो. ३.५ टक्के फॅट असलेलं शेळीचं दूधही दिसायला एकसारखं, पांढरंशुभ्र आणि सपाटच दिसतं. पांढरंशुभ्र का, तर शेळी चाऱ्यातल्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते, पिवळेपणा दुधात उतरत नाही. सायीवरून शेळीच्या दुधाची प्रत ठरवू नका. ठरवायचीच असेल तर निवळी बघा. दही कापल्यावर सुटणारं पाणी हिरवट-पिवळसर आणि बऱ्यापैकी नितळ असेल, तर दह्यातलं प्रोटीनचं जाळं नीट बसलंय. ते दुधाळ, पांढुरकं असेल तर तुमचं चीज निवळीबरोबर वाहून चाललंय.

हे जाळं बांधतं ते केसीन. फॅट त्यात फक्त अडकतं. जाळंच विरविरीत असेल तर फॅट जास्त असून काय उपयोग? ते निवळीत जाणार. म्हणूनच 'जास्त फॅटची जात' हा तुमच्या पहिल्या तक्रारीवरचा उपाय नाही.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, आणि माझं उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. दूध किती तास साठवता, धार हाताने काढता की यंत्राने, खुराक किती आणि केव्हा देता, गेल्या महिनाभरात कोणत्या शेळीला औषधोपचार झाले का. यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर वेगळं निघालं तर निदान बदलू शकतं. म्हणून अंदाज करत बसण्यापेक्षा तुम्ही एक सोपी तपासणी करा. माझ्या गोठ्यात कोणत्याही नव्या शेळीचं दूध चीजच्या पातेल्यात जाण्याआधी मी ती करते.

सकाळच्या एकाच धारेचं दूध तिन्ही शेळ्यांचं वेगवेगळं ठेवा. प्रत्येकीचं बरोबर अर्धा लिटर, एकसारख्या तीन बरण्यांत. बरण्या कोमट पाण्याच्या टोपात उभ्या करून दूध ३२ अंशांवर आणा. रेनेट उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करा. क्लोरीनचं नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीन रेनेटला मारतं. तिन्हींत अगदी सारखं माप घाला, दहा सेकंद ढवळा आणि घड्याळ लावा. आता एक हलकी प्लास्टिकची वाटी दुधावर अलगद ठेवा आणि दर मिनिटाला बोटाने तिला गिरकी द्या. सुरुवातीला ती मोकळी फिरते. मग एक क्षण असा येतो की ती फिरता फिरता जागीच थबकते, जणू खालून कोणी धरली. तो क्षण लिहून ठेवा. ४५ मिनिटांनी सुरी तिरकी घालून वर उचला. चीर स्वच्छ पडते का, कडा टोकदार राहतात का, फटीत जमणारं पाणी नितळ आहे का, ते बघा. नंतर तिन्ही दही सारख्या फडक्यांत बांधून चार तास टांगा आणि वजन करा. हे दूध कच्चं आहे, त्यामुळे या तपासणीतलं काही खायचं नाही.

बहुतेक वेळा तीन बरण्या तीन गोष्टी सांगतात. माझ्याकडे दोन सख्ख्या बहिणी होत्या. एकाच बोकडाच्या, एकाच गव्हाणीत वाढलेल्या. एकीचं दही चाकूने वडीसारखं कापता यायचं, दुसरीचं चमच्यावरून घसरायचं. चारा तोच, हवा तीच. तेव्हा मला केसीनमागचं कारण कळलं.

शेळीच्या दुधात चार मुख्य केसीन असतात. त्यातलं अल्फा-एस-वन नावाचं केसीन किती तयार होणार हे शेळीला आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतं, आणि त्यातला फरक फार मोठा आहे. या जनुकाची काही रूपं जोरकस असतात. अशी एक प्रत लिटरमागे साधारण ३.६ ग्रॅम केसीन देते. मधलं रूप १.६ ग्रॅमच्या आसपास, कमकुवत रूप ०.६ ग्रॅम, आणि काही रूपं तर शून्य. प्रत्येक शेळीकडे दोन प्रती असतात. म्हणजे एका शेळीच्या दुधात हे केसीन सात ग्रॅम, तर शेजारच्या शेळीच्या दुधात काहीच नाही, असं एकाच जातीत घडू शकतं. नॉर्वेतल्या दुधाळ शेळ्यांत शून्य रूपाचं प्रमाण खूप जास्त होतं, आणि तिथल्या दुधाला उग्र, खवट चव येण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. हे केसीन नसलं की फॅटचे कणही नीट बांधले जात नाहीत आणि लवकर तुटतात. फ्रान्समध्ये पैदाशीचे बोकड निवडताना हा जनुक तपासतात तो याचसाठी. तेव्हा तुमच्या तिघींपैकी एकीची बरणी सतत ढेपाळत असेल, तर दोष तुमच्या हाताचा नाही. त्या शेळीचं दूध प्यायला वापरा आणि चीजच्या पातेल्याबाहेर ठेवा. एका शेळीचं दूध बाजूला काढल्यावर बाकी दोघींचं चीज सुधारलेलं मी पाहिलंय.

पण जनुकं पाच महिन्यांपूर्वीही हीच होती, आणि तेव्हा चीज चांगलं होत होतं. म्हणून माझा पहिला संशय वेताच्या टप्प्यावर आहे.

शेळी व्यायल्यावर पहिले चार-पाच दिवस चीक असतो, तो करडांचा. चीजला तो चालत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत फॅट आणि प्रोटीन दोन्ही भरपूर असतात. दूध वाढत शिगेला जातं तसे ते उतरू लागतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास तळाला टेकतात. पुढे दूध आटत जातं तसं घनपदार्थांचं प्रमाण पुन्हा चढतं. तुमच्या तिघी आज बरोबर त्या तळाशी आहेत, आणि तिघी एकदमच आहेत. शिवाय शेळीच्या दुधात फॅट आपोआप तुटण्याची खोडही याच मधल्या काळात सर्वांत जास्त असते. उन्हाळा असेल तर आणखी भर, कारण उष्म्यात शेळी चारा कमी खाते आणि प्रोटीन अजून घसरतं. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच वेळी का उगवल्या, त्याचं हे सर्वांत साधं स्पष्टीकरण आहे. यावर औषध नाही, पण पद्धत बदलता येते, ती पुढे सांगते. वेताच्या अगदी शेवटी, रोजचं दूध अर्ध्या लिटरवर आलं की वेगळी अडचण येते. तेव्हा प्रोटीनचा आकडा चांगला दिसतो, पण कासेतली विकरं केसीनचे तुकडे करत असतात, दूध किंचित खारट लागतं आणि दही पुन्हा नरम पडतं. माझ्या गोठ्यात शेळी त्या टप्प्याला आली की तिला आटवायला घेते. गाभण शेळीला पुढच्या वेताआधी दोन महिने विश्रांती तशीही हवीच असते.

आता वासाकडे. शेळीच्या दुधाला थोडा स्वतःचा गंध असणारच. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या तीन स्निग्धाम्लांची नावंच लॅटिनमधल्या शेळीच्या नावावरून पडली आहेत. पण ही आम्लं फॅटच्या कणात बांधलेली असतात तोवर नाकाला जाणवत नाहीत. कणाचं आवरण फाटलं, दुधातलंच लायपेज नावाचं विकर आत शिरलं आणि ती सुटी झाली, की वास सुटतो. तेव्हा प्रश्न असा विचारा: माझ्या धारेपासून पातेल्यापर्यंत हे आवरण कुठे फाटतंय?

हा धडा मला महागात पडला. एका उन्हाळ्यात आमच्या चीजला सहा आठवडे बोकडाचा वास येत होता. मी बोकडाला दोष दिला, त्याचं कुंपण हलवलं, दोन शेळ्यांचा चारा बदलला, विरजण नवीन आणलं. काही फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी धारेच्या यंत्राच्या बादलीत वाकून बघत बसले. पारदर्शक नळीतून दूध सलग येत नव्हतं, मध्ये मध्ये हवेचे बुडबुडे होते, आणि बादलीत दुधावर चार बोटं फेस. सडाच्या कपाजवळचं रबर तडकलं होतं, नखाएवढी चीर. तिच्यातून हवा आत ओढली जात होती आणि प्रत्येक लिटर दूध बादलीत पोचेपर्यंत घुसळून निघत होतं. रबर बदललं. तिसऱ्या दिवशीच्या चीजला वास नव्हता.

तुम्ही हाताने धार काढत असाल तर बादली कासेच्या जवळ धरा, धार बादलीच्या भिंतीवर पडू द्या, गाळताना उंचावरून ओतू नका. आणि एक सवय ताबडतोब सोडा, असेल तर: सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं कोमट दूध ओतणं. गार झालेलं दूध पुन्हा कोमट होऊन पुन्हा गार झालं की लायपेजला आयती वाट मिळते. प्रत्येक धारेचं दूध वेगळ्या भांड्यात, बर्फाच्या पाण्यात बुडवून, तासा-दीड तासात ४ अंशांवर आणा. एकत्र करायचं ते गार झाल्यावर. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. गार दुधात काही केसीन आपल्या बारीक गाठोड्यांतून सुटून पाण्यात उतरतं, म्हणून शिळ्या गार दुधाचं दही ताज्यापेक्षा नरम बसतं. शिवाय थंडीत वाढणारे जीवाणू अशी विकरं सोडतात की दूध तापवल्यावर जीवाणू मरतात, पण विकरं टिकतात.

वासाचीही शेळीनिहाय तपासणी करता येते. तिघींचं कच्चं दूध वेगळ्या बाटल्यांत दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग ६३ अंशांवर अर्धा तास तापवून गार करा आणि कोणाची बाटली कोणती हे माहीत नसलेल्या माणसाला चाखायला द्या. तिन्हींना वास आला तर दोष हाताळणीत. एकीलाच आला तर ती शेळी. बोकडाचं म्हणाल तर माजाच्या दिवसांत त्याला धारेच्या जागेपासून दूरच ठेवावं, त्याच्या अंगाचा दर्प माणसाच्या हातांवर आणि शेळीच्या केसांवर बसतो. पण तो शेजारच्या कुंपणात उभा आहे एवढ्याने दुधाला वास येत नाही. आधी नळ्या, बादली आणि फेस तपासा.

चाऱ्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण बाकी सगळं तुमच्याकडे काय उगवतं त्यावर ठरेल. पहिली म्हणजे तंतू. शेळीच्या एकूण कोरड्या खाद्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग लांब धाग्याचा चारा असावा, आणि तो खुराकाच्या आधी पोटात जावा. दूध कमी झालं की माणूस घाबरून दाणा वाढवतो. पोटात आम्ल वाढतं, रवंथ कमी होतो आणि फॅट कोसळतं. डेअरीत दूध तपासून घेता येत असेल तर दोन आकडे शेजारी ठेवा. फॅटचा आकडा प्रोटीनच्या खाली गेला असेल तर चारा कमी आणि दाणा जास्त झालाय असं समजा. दुपारी गोठ्यात उभं राहून बघा: निवांत बसलेल्या तिघींपैकी निदान दोघी रवंथ करत असायला हव्यात. दुसरी गोष्ट याच्या उलट. एकूण पोषण कमी पडलं तर प्रोटीन घसरतं, म्हणजे थेट चीज घसरतं. सुकं गवत आणि वर कोवळा पाला एवढ्यावर रोज अडीच लिटर देणाऱ्या शेळीचं भागत नाही. दाणा हवाच, पण दिवसातून दोन-तीनदा वाटून. आणि कांदा-लसणाची पात किंवा तसा उग्र पाला धारेच्या आधी नाही, धार झाल्यावर. याहून जास्त मी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पाण्याची टाकी मात्र रोज घासा. शेळी घाण पाणी पीत नाही आणि पाणी नाही तर दूध नाही.

कासेची तपासणी तुम्ही करता का ते लिहिलेलं नाही. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या बुडाच्या वाटीत काढून बघायच्या. गुठळी, धागा, पाणचट रंग दिसला की ते दूध वेगळं. कासदाह दबलेला असला तर वरून काही दिसत नाही, पण दही बसायला वेळ लागतो आणि निवळी दुधाळ राहते. त्यासाठी सीएमटी या कासदाहाच्या चाचणीचं द्रावण मिळतं; दुधात पेशी जास्त असल्या की ते मिसळल्यावर दूध दाट होतं. मात्र ते वाचताना सावध राहा. शेळीची कास दूध सोडताना पेशींचे कण दुधात टाकतेच, आणि वेताच्या उत्तरार्धात पेशींची संख्या रोग नसतानाही चढते. गाईच्या कोष्टकाप्रमाणे बघितलं तर निरोगी शेळीही आजारी ठरते. मी आकड्यापेक्षा फरक बघते: एका बाजूचं दूध दाट जेलीसारखं झालं आणि दुसऱ्या बाजूचं पातळ राहिलं, तर त्या बाजूवर संशय, आणि नमुना पशुवैद्यकाकडे. कास कडक, गरम नाही, ओढली तरी दूध येत नाही आणि गुडघेही सुजलेले, असं कधी दिसलं तर विषाणूजन्य सीएई रोगाची रक्ततपासणी करून घ्या. तो चिकातून करडांत जातो.

प्रतिजैविक दिलेल्या शेळीचं दूध ठरवून दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत पातेल्यात येता कामा नये. त्यातल्या औषधाचा अंशही विरजणाला मारतो. रात्रभर ठेवूनही दूध आंबलं नाही, तर आधी औषधाची नोंदवही उघडा.

एका गोष्टीवर मी कधीच तडजोड करत नाही. दूध तापवा. तुम्ही कच्चं वापरता की नाही ते कळलं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरच्या तापाचा जीवाणू, म्हणजे ब्रुसेला, ओळखला, पण तो माणसांपर्यंत कसा येतो हे कळायला १९०५ साल उजाडलं, जेव्हा थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो तिथल्या शेळ्यांत सापडला. त्या शेळ्या धडधाकट दिसत होत्या. ब्रुसेलाचं हेच भय आहे: शेळी चांगली दिसते, दूध चांगलं दिसतं, चव चांगली लागते. कळपाची रक्ततपासणी झालेली नसेल तर ताजं, मऊ चीज कच्च्या दुधाचं करूच नका. ६३ अंशांवर ३० मिनिटं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. घरी पहिली पद्धत सोपी, थर्मामीटर हातात ठेवून. उकळू मात्र नका. जास्त तापलेल्या दुधात निवळीतली प्रोटीनं केसीनला चिकटतात आणि रेनेटला काम करता येत नाही.

तापवून गार केलेल्या दुधात कॅल्शियमचा समतोल हलतो, म्हणून कॅल्शियम क्लोराइड घाला, लिटरमागे ०.१ ते ०.२ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, रेनेटच्या आधी. अन्नात वापरायचं तेच घ्या. जास्त घातलं तर चीज कडू होतं. शेळीच्या दह्याला गाईच्या दह्याइतकी घाई सोसत नाही: घट्ट दही हवं असेल तर तुकडे मोठे कापा, कापल्यावर पाच-दहा मिनिटं हात लावू नका, मग भांडं हलवल्यासारखं अलगद ढवळा.

पण या दोन महिन्यांत मी तुमच्या जागी असते तर घट्ट चीज केलंच नसतं. ज्या दुधाचं जाळं कमकुवत आहे त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याला झेपेल ते करावं. दूध २२ अंशांवर आणा, विरजण घाला, रेनेट नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि झाकून १८ ते २४ तास शांत ठेवा. इथे जाळं मुख्यतः आम्लाने बसतं, रेनेट नुसता हात देतं. वर बोटभर नितळ निवळी दिसली आणि दही भांड्याच्या कडेपासून किंचित सुटलं की फडक्यात काढा आणि बारा तास टांगा. चक्का तयार झाला की वजनाच्या एक-दीड टक्का मीठ. पाच ते सात लिटरला किलोभर उतारा मिळावा. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या परिसरात शेळीची बहुतेक चीजं याच आंबट दह्याची आणि मुठीएवढी लहान असतात. हे दही नाजूक असतं, त्याचा मोठा गोळा उभा राहत नाही. त्याच परिसरातल्या शाविन्योल गावाच्या छोट्या चीजला १९७६ मध्ये त्याच्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. म्हणजे हा दुय्यम प्रकार आहे असं अजिबात समजू नका.

आता जात. अँग्लो-न्यूबियन शेळीचं दूध सानेनपेक्षा दाट असतं, फॅट साडेचार-पाच टक्क्यांपर्यंत आणि प्रोटीनही जास्त. (तिच्या रक्तात भारतातल्या लांब कानांच्या शेळ्यांचाही वाटा आहे.) नायजेरियन ड्वार्फचं त्याहून दाट, पण शेळीच लहान, दूधही थोडं. लिटरमागे चीज या शेळ्या नक्कीच जास्त देतात. पण हिशेब दिवसाचा करा. सानेन तीन लिटर देते, प्रोटीन ३.१ टक्के धरलं तर दिवसाला ९३ ग्रॅम. अँग्लो-न्यूबियन दोन लिटर देते, ३.७ टक्क्याने ७४ ग्रॅम. चीज सानेनचंच जास्त होतं, फक्त पातेलं मोठं लागतं. जागा, चारा किंवा भांडी कमी असतील तर दाट दुधाची शेळी परवडते. नाहीतर तुमच्या सानेन वाईट नाहीत. आणि शेळी घ्यायचीच झाली तर जातीचं नाव बघून घेऊ नका. विकणाऱ्याकडून तिचं अर्धा लिटर दूध मागून घ्या आणि वर सांगितलेली बरणीची तपासणी करा. नाही म्हणणाऱ्याकडून मी शेळी घेत नाही.

खरा फायदा पुढच्या वेतात आहे. तिघींना एकाच महिन्यात बोकड दाखवू नका. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. एकीला दोन-अडीच महिने उशिरा भरवलीत, तर दोघी तळाशी असताना तिसरीचं दूध भरलेलं असेल आणि पातेल्यातलं मिश्रण वर्षभर सावरलेलं राहील. दिवस लहान होऊ लागले की माज येतो आणि तो मोसम संपला की काही जाती माजावर येतच नाहीत, त्यामुळे हे अंतर त्या मोसमातच बसवावं लागेल. बोकड निवडताना त्याच्या आईचं दूध किती यापेक्षा तिचं दही कसं बसतं ते विचारा. निम्मी जनुकं त्याच्याकडून येणार आहेत.

तोवर उद्या सकाळी तीन बरण्या लावा. वाटी थबकायला लागलेली मिनिटं, चार तासांनंतरची तीन वजनं आणि प्रत्येकीच्या निवळीचा रंग, एवढं लिहून पाठवा. त्याबरोबर दूध किती तास साठवता आणि खुराक केव्हा देता तेही. त्यावरून कोणती शेळी पातेल्यात ठेवायची ते मला सांगता येईल.